काकणं भरणारा जमिनीचा दलाल

परवा माझ्या धाकट्या नातवानं सांगलीत घर घ्यायचं काढलं आणि आठ दिवसांत चार एजंट आणून त्यांना चहा पाजला. चौघंही गोड बोलणारे. त्यातला कुठला धरावा म्हणून पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. मी म्हटलं, बाबा, मी जन्मात खरा दलाल एकच बघितला आणि त्याच्या खांद्यावर काकणांच्या माळा असायच्या. नातवाला वाटलं म्हाताऱ्याचं काहीतरी भलतंच चाललंय. सून पदर तोंडाला लावून हसली. पण एकदा आठवण निघाली की गप्प बसणं मला जमत नाही. चौथा एजंट अजून बसलेलाच होता, त्यालाही पुरी हकिगत ऐकायला लावली. जाताना तो म्हणाला, आजोबा, हे लिहून ठेवा. म्हणून लिहायला बसलो.

त्या माणसाचं नाव अल्लाबक्ष. राहणारा मलकापूरचा, कराडला लागून आहे ते मलकापूर. मणेर, म्हणजे बायकांना काकणं भरणारा. उंच, हाडकुळा, दाढीला मेंदी, डोक्याला पांढरा पटका. दोन्ही खांद्यांवर हिरव्यागार काचेच्या माळा आणि मागं एक म्हातारं तट्टू, त्याच्या पाठीवर दोन पेट्या. बावीस गावांची त्याची महिन्याची फेरी असायची. कुठल्या वाराला कुठल्या गावात, हे बायकांना आमच्या पंचांगापेक्षा पक्कं ठाऊक. ओसरीवर बसला की बाईचा हात हातात घ्यायचा, बोटं जुळवून दाबायचा, आणि काकण चढवताना बोलत राहायचा. हात दुखतोय हे बाईच्या ध्यानात यायच्या आत डझन भरून व्हायचं. भरून झाली की पाटलाची सूनसुद्धा वाकून त्याला नमस्कार करायची. रीतच होती तशी.

आता असा माणूस घराघरांत बसणारा. पुरुष ज्या गोष्टी चावडीवर लपवतात त्या त्याला ओसरीवर आपोआप कळायच्या. लोक आधी सोयरिकीसाठी त्याला विचारू लागले. मग म्हशींसाठी. एकदा आमच्या गल्लीतल्या एकानं म्हैस बघून ठेवली, दूध चांगलं, अंगानं तकतकीत, सौदा पक्का होणार तेवढ्यात अल्लाबक्ष आला. म्हणाला, "त्या घरच्या बाईच्या उजव्या हातातली काकणं दर म्हैन्याला फुटत्यात. डाव्या हाताला दिवाळीतली तशीच हायत. म्हैस लाथ मारती." गडी जाऊन धार काढायला बसला आणि चरवीसकट उताणा झाला. अशी अक्कल. दुसऱ्या एकाला त्यानं मळा घेऊ दिला नाही, का, तर त्या मळ्यात राबणाऱ्या बायकांच्या टाचांना मिठाचं पांढरं पूट चढलेलं त्यानं बघितलं होतं. रान चोपण होतं. वरून हिरवं दिसायचं, पण आतून मीठ. असं करत करत काकणांबरोबर जमिनीची दलालीही त्याच्याकडं चालत आली. माणूस काकणं भरतच राहिला, दलाली वरकड.

मला मात्र हे काहीच ठाऊक नव्हतं. मी सहा वर्षं गावाबाहेर. १९४६ च्या शेवटाला पलटणीतून सुटून कुंडलला आलो. खेचरांच्या कंपनीत होतो. इराकातली वाळू खाल्ली, ब्रह्मदेशातला चिखल तुडवला, आणि त्या सगळ्या मुलखात खेचरांना खरारा करता करता मनातल्या मनात स्वतःची विहीर बांधत होतो. आमचे आबा जन्मभर दुसऱ्याचं रान वाट्यानं करत आलेले. आमचं म्हणावं असं आमच्याकडं घराचं जोतं आणि दोन बैल, बास. मी ट्रंकेतून साठवलेली रक्कम आणली होती, ती पुन्हा कधी जमणार नव्हती. ती बरोबर जागी पडली तर आमचं रान होणार. चुकली तर आबांच्या मागं मीही लोकांच्या बांधावर.

फाल्गुनात बातमी आली. भैरूच्या वाडीत लालासाहेबांचं रान विकायचंय. तीन एकर दहा गुंठे आणि अर्धी विहीर. आमचं कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं आणि वाडी सरकारी हद्दीत, पण पायवाटेला ते कुठं ठाऊक? चालत तासाभराची वाट. मी जेवण टाकून पळालो. काय रान होतं! काळं, भुसभुशीत, ढेकूळ हातात घेतलं तर पिठासारखं सुटावं. विहिरीत वाकून बघितलं तर ऐन फाल्गुनात दोन पुरुष पाणी. मी विहिरीत खडा टाकला आणि त्याचा आवाज ऐकून एकटाच हसलो. वाटेनं चाललेल्या एका धनगरानं मला नीट बघून घेतलं आणि आपली मेंढरं जरा लांबनं नेली.

लालासाहेब चार वर्षांपूर्वीच साताऱ्याला गेले होते, तिथं त्यांचं कापडाचं दुकान. आईवडील राहिले नव्हते, वाडीतल्या घराला कुलूप, रान गड्याकडून करवून घ्यायचे. विक्रीचं काम साताऱ्याच्या नाथाजी नावाच्या दलालाकडं दिलं होतं. शुक्रवारी मी साताऱ्याला पोचलो. नाथाजीची खोली कोर्टाच्या वाटेवर. अंगात काळा कोट, खिशाला शाईचं पेन, बोलणं तुपासारखं. मी पलटणीत नाईक होतो. त्यानं पहिल्या वाक्यात मला हवालदार केलं आणि चहा येईपर्यंत जमादार. पण माणूस कामाचा पक्का होता, खोटं कशाला बोलू. त्यानं उतारा पसरला, फेरफार दाखवला, नकाशावर बोट फिरवलं. मालक एक, वारस एक, बोजा काही नाही. सगळं आरशासारखं. मग सांगितलं की सोमवारी विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन या, मंगळवारी कराडचा एक गुळाचा व्यापारी याच रानासाठी येणार आहे.

पलटणीत सहा वर्षं काढलेल्या माणसाला कागद म्हणजे देव. कागदावर दहा खेचरं असतील तर दहाच, मग एखादं दरीत पडून मेलेलं का असेना. नाथाजीचे कागद बघितले आणि मला वाटलं, झालं, मिळालं रान! येताना आगगाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला मी मोटेला कुठल्या बाजूनं बैल चालवणार तेही सांगून टाकलं.

घरी येऊन सगळं सांगितलं. आबा उठून बैलांच्या पाठीवरनं हात फिरवून आले. माझी बायको शालूबाई चुलीपुढं बसली होती. तिनं एकच विचारलं.

"त्या घरातल्या बायका काय म्हणत्यात?"

मी म्हटलं, घराला कुलूप आहे, बायका कुठल्या? उताऱ्यावर एकसुद्धा बाई नाही.

"उताऱ्यावर नसंल. घरात आसंल की," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली. "मणेरचाचाला इचारूया."

मला हसू आलं. तीन एकराचा व्यवहार आणि विचारायचं कुणाला, तर काकणवाल्याला! पण दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अल्लाबक्ष शेजारच्या गावच्या बाजारात होता. मला न सांगता तिनं निरोप धाडला की माझी काकणं वाढली, भरायला या. तिसऱ्या प्रहराला तट्टू आमच्या दारात उभं.

ओसरीवर तो शालूबाईचा हात घेऊन बसला. काकणं चढवता चढवता माझ्या पलटणीची चौकशी केली, खेचर शहाणं का घोडं शहाणं ते विचारलं. मग शालूबाईनं हळूच रानाचा विषय काढला. लालासाहेबांचं म्हटल्यावर त्याचा हात चालतच राहिला. विहिरीसकट म्हटल्यावर थांबला. काकण शालूबाईच्या अंगठ्यावर अर्ध्यात अडकलेलं.

"इहिरीकडची पट्टीबी?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, सगळंच. उतारा साफ आहे.

त्यानं ते काकण आधी अलगद चढवलं. मग माझ्याकडं वळला. "आकाराम, त्या पट्टीच्या जुंधळ्यावर मी चौदा वर्सं काकणं भरतोय. ती मनुबाईची चोळीबांगडीची हाय."

वाचणाऱ्यांपैकी सगळ्यांना ही रीत ठाऊक असेलच असं नाही, म्हणून सांगतो. लेकीला लग्नात बाप जमिनीचा तुकडा तोंडी द्यायचा. त्याचं पीक तिच्या चोळीबांगडीला. कागद नाही, सही नाही. लालासाहेबांच्या वडिलांनी लेकीच्या, मनुबाईच्या, लग्नात वाडीतल्या पाचजणांना बांधावर नेलं होतं, दगडाला हळदकुंकू लावलं होतं आणि सांगितलं होतं की विहिरीलगतच्या या पंधरा गुंठ्यांचा जोंधळा माझ्या मनूचा. तेव्हापासून दर सुगीला ती सासरहून येणार, आपला जोंधळा नेणार, आणि त्यातला मापटंभर देऊन अल्लाबक्षकडून काकणं भरणार. बाप गेला, भाऊ साताऱ्याला गेला, तरी एक सुगी चुकली नव्हती.

मी उसळलो. म्हटलं, कायद्यात याला काडीची किंमत नाही.

"न्हाईच," अल्लाबक्ष शांतपणे म्हणाला. "कायद्यानं रान तुझंच हुईल. आन् सुगीला ती पाटी घिऊन बांधावर हुबी ऱ्हाईल. तवा तू काय करशील, त्ये सांग."

त्यानं पुढचं सगळं सांगितलं. वाडीतली ती पाच माणसं अजून हयात होती. मी तिला परत पाठवलं तर वाडीत मोट धरायला गडी मिळणार नाही, विहिरीची दुसरी अर्धी ज्यांची, ते पाण्याच्या पाळीला रोज नवा तंटा काढतील, आणि मी पुढं कितीही वर्षं तिथं राबलो तरी लेकीचं खाल्लेला म्हणूनच ओळखला जाईन. मी म्हटलं, मग सोमवारचं काय? व्यापारी घेऊन जाईल! तो म्हणाला, व्यापाऱ्यालाही हेच भोगावं लागेल, पण विसार देण्याच्या आत एक दिवस आहे, तो वापर.

मी म्हटलं, चाचा, तुम्हीच तिला जाऊन सांगा, तुमची ओळख चौदा वर्षांची.

"ह्या घरचं त्या घरी न्हेलं आसतं, तर मला कुणी वसरीवर बसू दिलं नसतं," तो म्हणाला. "जमीन तुला पायजे. तोंडबी तूच उघडायचं. मी संगं येतो."

रविवारी सकाळी निघालो. मनुबाईचं सासर वाडीच्या पलीकडं दोन कोसांवर. वाटभर अल्लाबक्ष मला तट्टूचे गुण सांगत होता आणि मी वाटभर काय बोलायचं ते जुळवत होतो. पोचलो तर मनुबाई अंगणात जोंधळा पाखडत बसलेली. तिशी उलटलेली, ठसठशीत बाई. अल्लाबक्षला बघून म्हणाली की चाचा, आज कसं, अजून तुमचा वार यायचाय. तो म्हणाला, आज काकणं नाहीत, माणूस आणलाय, आणि भिंतीला टेकून बसला. म्हणजे आता सगळं माझ्यावर. मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की ती सूप हलवत राहिली. आणि मला कळून चुकलं की भाऊ जमीन विकतोय हे तिला मी सांगतोय, भावानं सांगितलेलं नाही.

तिनं सूप खाली ठेवलं. "पलटणीत हुतासा न्हवं?"

व्हय म्हटलं.

"तितं गोळ्या सुटताना आसाच घाम येत हुता, का हितंच आलाय?"

अल्लाबक्ष मेंदीच्या दाढीत हसला. मी पटक्यानं तोंड पुसलं आणि घाईघाईनं म्हटलं, तुमची पट्टी सोडून बाकीचं घेतो, तुमचं तुमच्याकडं राहू द्या.

"इहिरीची वाट त्याच पट्टीतनं हाय," ती म्हणाली. "पट्टी सोडून घेतलासा तर बैलं काय उडवत न्हेणार इहिरीवर?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नकाशा बघितलेला, विहिरीत खडा टाकलेला आणि वाट बघायची राहिली! आता रान गेलंच म्हणून मी मान खाली घातली. तिनं पुन्हा सूप उचललं. मग अल्लाबक्षनं तोंड उघडलं. सबंध व्यवहारात त्यानं स्वतःहून विचारलेला प्रश्न तो एकच.

"मनुबाई, खरं सांग. तुला जुंधळा पायजे, का म्हायेर पायजे?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी तेव्हा बघितलं. म्हणाली, जोंधळा काय, हे बघा, कणगीत मावत नाही. घराला कुलूप लागल्यापासून वाडीत पाय टाकायला तेवढंच एक निमित्त उरलं होतं. पाटी घेऊन आले की बायका म्हणायच्या, मनू आली. पट्टी गेली की तेही गेलं.

"मग त्यो बसलाय की म्होरं," अल्लाबक्ष म्हणाला आणि माझ्याकडं बोट केलं. "रान त्यो घिऊ दे, आन् भावपण बी त्योच घिऊ दे."

मी चपापलो. तीही. पण तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. मला सख्खी बहीण नाही! मी म्हटलं, घेतो. दर सुगीला तुमचा जोंधळा तुमचा, लुगडंचोळी माझी, आणि कुंडलात घर आहे, दिवाळीला माझ्या घरी या. बोलताना मी उभाच राहिलो होतो, कंपनीपुढं रिपोर्ट द्यावा तसा.

मनुबाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमचं कळलं. बायकू कशी हाय? माज्याच्यानं वाकड्या भावजयीच्या हातचं गिळवत न्हाई."

अल्लाबक्ष म्हणाला की कालच तिच्या हातात सोळा काकणं भरली, एक फुटलं नाही. हात मऊ आहे, जीभ मात्र तुझ्यासारखीच आहे. मनुबाई हसली. मग म्हणाली की मी स्वतः बघीन, आणि उद्या साताऱ्याला मीही येणार, दादाला जे सांगायचं ते माझ्या तोंडानं सांगणार. गोठ्यातनं तिचा नवरा ऐकत होता. तो तिथूनच म्हणाला की जा बाई, नाहीतर वर्षभर मलाच ऐकवशील.

सोमवारी मी, शालूबाई आणि मनुबाई असे तिघं निघालो. अल्लाबक्ष आला नाही. म्हणाला, नाथाजीच्या जिन्यावर माझं काय काम, त्याचं काम त्याला येतं. आगगाडीत दोघी बायका माझ्यासमोर बसल्या. अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की त्या दोघी माझ्याबद्दल बोलतायत आणि दोघींचं एकमत झालंय. माझी काळजी मिटली.

नाथाजी पेन उघडून तयारच होता. विसार आणला का, म्हणाला.

"आणलाय," मी म्हटलं. "आन् लालासाहेबांची बहीणबी आणलीया."

नाथाजीनं पेनाला टोपण घातलं. निरोप गेला, लालासाहेब दुकानातनं तसेच आले, गळ्यात मापाची फीत. दारातच थबकले.

"मनू, तू हितं कशी?"

"आगगाडीनं," मनुबाई म्हणाली.

पुढं जरा वेळ फार अवघड गेला. लालासाहेब माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. बहिणीला काय तोंडानं सांगायचं म्हणून सांगितलंच नव्हतं. म्हणाले, मनात होतं की दरवर्षी दुकानातलं उत्तम लुगडं धाडीन. नाथाजीनं मध्येच तोंड घातलं की बाईंचा कागदोपत्री हक्क काही नाही, तेव्हा हा घरचा प्रश्न नंतर सोडवावा. मी म्हटलं, थांबा साहेब, माझा विसार या प्रश्नाच्या पलीकडं उभा आहे.

मनुबाई भावाला म्हणाली, "दादा, लुगडं तुज्या दुकानात कुणालाबी मिळतंय. मला वाडीत एक दार पायजे. तुजं तू बंद केलंस, व्यापार हाय, माजं म्हणनं न्हाई. ह्यो माणूस उघडतो म्हणतोय. तू आडवा हुतोस का?"

लालासाहेब खाली बसले. गळ्यातली फीत काढून बोटाला गुंडाळत राहिले. शेवटी नाथाजीला म्हणाले, "लिवा ती म्हणंल तसं."

आणि नाथाजीनं लिहिलं! आधी म्हणाला, असली अट मी आयुष्यात लिहिली नाही, कुठलं कोर्ट ही मानणार? पण बसल्यावर त्यानं साटेखतात आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं की विहिरीलगतच्या पंधरा गुंठ्यांचा जोंधळा खरेदी घेणार दर सुगीस मनुबाईस देत जाईल आणि तिचे माहेरपण करीत जाईल. माहेरपण या शब्दावर त्याचं पेन थांबलं. मग त्यानं तो शब्द बाकीच्यांपेक्षा जरा मोठा काढला. त्याची दलाली मी हसत दिली, त्यानं ती कमावली होती. मनुबाईनं साक्षीला अंगठा उठवला. उठताना भावाला म्हणाली, "सुगीला ये. माज्या म्हायेरला पाव्हणा म्हणून ये." लालासाहेब हसले, आणि हसता हसता त्यांनी फितीनंच डोळे पुसले.

मला कधी एकदा अल्लाबक्षला सांगतो असं झालं होतं. परत येताना मोटारीनं कराडला उतरलो आणि दोघींना घेऊन तसाच मलकापूरला गेलो. तो घरीच होता, पेटीतल्या काकणांना गवताचे थर लावत बसलेला. त्याची बायको मेहरुनबी दोघींना आत घेऊन गेली आणि आतनं एकदम चार बायकांचं हसणं ऐकू यायला लागलं, होत्या तीनच. मी बाहेर बसून सगळं सांगितलं, नाथाजीचं टोपण, मनुबाईचं ते 'आगगाडीनं', मोठा काढलेला शब्द, काही सोडलं नाही. तो ऐकत होता आणि थर लावत होता. मी दलाली विचारली. त्यानं सरळ आकडा सांगितला, ना कमी ना जास्त, मी तो मोजून हातावर ठेवला आणि त्यानं बंडीच्या खिशात टाकला.

मग मी विचारलं, "चाचा, नाथाजीनं सगळे कागद दावले, त्यात काय खोटं न्हवतं. मग ही पट्टी त्यानं का शोधली न्हाई, आन् तुमी का सांगितलीसा?"

अल्लाबक्षनं एक काकण उजेडात धरून बघितलं, तडा नव्हता, आत ठेवलं.

"त्याला त्या वाडीत परत जायाचं न्हाई, गड्या," तो म्हणाला. "मला म्होरल्या म्हैन्यात जायाचं हाय."

मी यावर काहीतरी बोलणार होतो, चांगलं लांबलचक. तेवढ्यात आतनं मनुबाईची हाक आली. "दादा, चला की, उशीर हुतोय."

लालासाहेब मागनं आले की काय म्हणून मी वळून रस्त्याकडं बघितलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं. पुन्हा हाक आली.

"आरं, तुला हाका मारत्यात," अल्लाबक्ष म्हणाला.

"आलो," मी एवढ्या जोरात ओरडलो की अंगणातल्या तट्टूनं कान टवकारले.